कॅलेंडरच्या पाठीवरचे आबा

माझ्या सासरी, सातारा जिल्ह्यातल्या एका फौजी गावात, सोप्याच्या भिंतीला एका ओळीत फोटो टांगलेले होते. पहिला गणपती, मग अंबाबाई, मग मारुती, मग माझे सासरे आणि सगळ्यांत शेवटी आमचे हे. सासरे मी लग्न होऊन येण्याआधीच वारलेले, त्यांच्या फोटोला चंदनाचा हार. आमचे हे मात्र चांगले धडधाकट, फौजेत नाईक. छावणीजवळच्या कुठल्याशा स्टुडिओत युनिफॉर्म घालून, छाती काढून, डोळे वटारून त्यांनी तो फोटो काढून घेतला होता, आणि सासूबाईंनी मोठ्या कौतुकानं तो त्या रांगेत लावला. आता ह्यातले कोण पुजायचे आणि कोण नुसते बघायचे, हे मोठ्यांना कळतं. पोराबाळांना कसं कळावं?

आमची लेक तेव्हा तीनेक वर्षांची होती. सासूबाई सकाळी आंघोळ करून फोटोंना कुंकवाची बोटं लावायच्या आणि ही मागनं फुलांची परडी धरून चालायची. एके सकाळी मी चुलीपाशी भाकरी थापत होते, तोच बाहेर तांब्या पडल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ सासूबाईंचा.

"अगं बया बया बया! सूनबाई, पळ! पोरीनं काय करून ठिवलंया बघ!"

पिठाच्या हातानं तशीच पळाले. लेक धान्याच्या डब्यावर चढून उभी होती. बापाच्या फोटोला झेंडूची माळ घातलेली, काचेवर कुंकू फासलेलं, आणि ही डोळे गच्च मिटून हात जोडून म्हणत होती, "आबादेवा, मला बत्तासा दे."

ज्यांच्या घरात फौजी नाही त्यांना हे वाचून हसू येईल. मलाही आज येतं. त्या दिवशी नाही आलं. लढाई संपून फार काळ झाला नव्हता. सत्तरचं दशक नुकतं सुरू झालेलं. आमच्या आळीत घरटी एक माणूस फौजेत, आणि वरच्या अंगाला एका घरात तार आलेली आम्ही सगळ्यांनी पाहिली होती. त्या घरातल्या तरण्याताठ्या पोराच्या फोटोला हार होता. जित्या माणसाच्या फोटोला हार घालत नाहीत, हे आमच्याकडे कुणी कुणाला शिकवत नाही.

सासूबाईंनी माळ ओरबाडून काढली, काच पदरानं पुसली, मीठमोहऱ्या ओवाळून चुलीत टाकल्या, कानशिलावर कडाकडा बोटं मोडली आणि फोटो धोतरात गुंडाळून थेट ट्रंकेच्या तळाशी घातला. पोरीनं भोकाड पसरलं.

"माजा देव! माजा देव नेला!"

"अगं सटवे, देव न्हवं त्यो! बा हाय तुजा, बा!"

पोरीनं रडणं मधेच थांबवलं आणि आजीला विचारलं, "बा म्हंजे काय?"

सासूबाई मटकन खाली बसल्या. पोरीचं तरी काय चुकलं? हे शेवटचे रजेवर आले तेव्हा लेक पाळण्यात होती. नंतर लढाईच्या गडबडीत रजाच बंद झाल्या. फोटोकडं बोट करून 'हे आबा' एवढंच आम्ही तिला शिकवलेलं, त्यामुळं तिच्या लेखी आबा म्हणजे मारुतीच्या रांगेतला एक देव, तोही डोळे वटारणारा. आता तोसुद्धा ट्रंकेत गेला. मला भयंकर राग आला. कुणाचा, ते विचारू नका. सरकारचा, स्टुडिओवाल्याचा, झेंडूचा. माझं डोकं पहिल्यापासून असंच तापतं आणि ते तापलं की हाताला काहीतरी काम लागतं.

मी सांगलीची. माझे वडील हळदीच्या पेठेत एका अडतीवर दिवाणजी होते. दिवाळी झाली की पेठेतले व्यापारी कॅलेंडरं वाटायचे. पुढं लक्ष्मी नाहीतर बाळकृष्ण, आणि मागं गुळगुळीत कोरा कागद. वर्ष सरलं की वडील त्या कागदांच्या गुंडाळ्या करून ठेवायचे आणि आम्ही भावंडं त्यावर चित्रं काढायचो. लग्न होऊन येताना तशी एक जाडजूड गुंडाळी मी ट्रंकेतून सासरी आणली होती. "लोकांच्या सुना भांडी आणत्यात, आमच्या सुनंनं रद्दी आणली," हे सासूबाईंनी चारचौघींत किती वेळा ऐकवलं असेल, त्याला गणती नाही.

ती रद्दी मी त्या दुपारी बाहेर काढली. रंग कुठून आणायचे? पिवळ्याला हळद होती, निळ्याला कपड्यांची नीळ, तांबड्याला कुंकू, काळ्याला काजळ. हिरव्यासाठी मेथीचा पाला चुरगळून पाहिला, तो दुसऱ्या दिवशी शेणाच्या रंगाचा झाला. तो मी झाडांच्या खोडांना वापरला. रंग कागदाला धरावा म्हणून त्यात गुळाचं पाणी घातलं, आणि तिथं फसले. पण ते पुढं सांगते.

मला लेकीला एवढंच कळवायचं होतं, की तुझा बाप देव नाही, जिता माणूस आहे. खातो, पितो, शिंकतो, पडतो. मग मी त्याला पडायला लावलं. पहिल्या कागदावर दोन टोकांना पोचतील एवढ्या मिशा काढल्या, मधोमध एक तोंड, आणि खाली मोठ्या अक्षरात लिहिलं,

आबाच्या मिशा केवढ्या थोर,
एकीवर पोपट, एकीवर मोर.
पोपट म्हणतो, "हलू नका, आबा,"
मोर म्हणतो, "जांभई दाबा!"

लेकीनं चित्राकडं पाहिलं. मी वाचून दाखवलं. तिनं नुसतं मोरावर बोट फिरवलं. मी पुन्हा वाचलं आणि 'जांभई दाबा' म्हणताना स्वतःचं तोंड दाबून डोळे फिरवले. तशी जी खिदळत सुटली, ती उचकी लागेपर्यंत. मग म्हणाली, "पुना."

हे 'पुना' पुढं माझ्या मागंच लागलं. एक कागद पुरेना. दुसऱ्यावर आबा चपाती लाटायला बसले.

आबानं केली चपाती भली,
लाटता लाटता दाराशी गेली,
दारातनं निघून पुलावर चढली,
नदीच्या पल्याड जाऊन भाजली.

तिसऱ्यावर आबा थंडीनं कुडकुडत होते, त्यांचे दात ढोलक्यासारखे वाजत होते आणि ते ऐकून आलेलं अस्वल त्यांच्याशी फुगडी खेळत होतं. चौथं चित्र काढताना सासूबाई पाठीमागं येऊन उभ्या राहिल्या. मला वाटलं, आता लेकाची थट्टा केली म्हणून माझी काही धडगत नाही. वाकून बघून त्या म्हणाल्या, "शेळी घाल की गं त्यात. ल्हानपनी शेळीला लय भ्यायचा त्यो." आणि शेळी आली.

आबाची टोपी शेळीनं खाल्ली,
खाऊन शेळी परेडला चालली.
'लेफ्ट' म्हणताच शेपूट हाले,
'राइट' म्हणताच 'बें' बोले.

सगळे कागद एका जुन्या कॅलेंडरच्या पत्र्याच्या पट्टीत अडकवले आणि ते बाड सोप्यात, फोटो काढल्यावर रिकाम्या राहिलेल्या त्याच खिळ्याला टांगलं. पानं उलटत जायची आणि एकेका पानागणिक एकेक घास. चिऊकाऊच्या घासांना तोंड फिरवणारी पोर पोपटाच्या जांभईला आ करायची, की घास आत. मी खूश होते. सकाळी उठून बघते तर गुळाच्या वासानं मुंग्यांची रांग लागलेली, ती नेमकी मिशांवरून.

"आबाच्या मिशा चालाय लागल्या!" लेक ओरडली. सासूबाई पण पदर तोंडाला लावून हसल्या. त्या घरात किती दिवसांनी कुणी मोठ्यानं हसलं होतं. पुढं मी गूळ सोडला आणि बाभळीचा डिंक धरला.

मग आळीतली पोरं जमायला लागली. दुपारची भाकरी खाऊन पोरं सोप्यात ओळीनं बसायची, मी पानं उलटायची, आणि 'बें' आलं की अख्खा सोपा 'बें' करायचा. आमची खरी शेळी गोठ्यातून उत्तर द्यायची. पोरांमागनं त्यांच्या आया आल्या. आधी नुसत्या दारात उभ्या राहायच्या. मग एकजण धीर करून म्हणाली, "आमच्यातल्यांचं बी एक काडा की वो. पोरगं इचारतंय, माज्या बाचं का न्हाई म्हनून."

"काढते की. दिसतात कसे?"

ती लाजली. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही हे ठीक, पण नवरा दिसतो कसा हे सांगतानासुद्धा बाई पदराचं टोक चघळत होती. "नाक जरा मोटं काडा," ती म्हणाली. मी काढलं. ती बघून म्हणाली, "पर येवढं बी मोटं नगं." मी कमी केलं. "आता त्ये न्हाईत वाटत." शेवटी पहिलंच नाक बरोबर होतं. दुसरीनं तर नवऱ्याचं घोरणं काढायला सांगितलं. घोरणं कसं काढायचं? मी त्याच्या नाकातून आगगाडी बाहेर काढली. ती बाई हसता हसता एकदम डोळे पुसायला लागली आणि मग म्हणाली, "आसंच घोरत्यात बगा."

असं वर्ष गेलं. आणि आमच्या ह्यांची रजा मंजूर झाल्याची बातमी आली. मी हरखून गेले. मला वाटलं, पोर धावत जाऊन मिठी मारेल. तिच्याएवढी बापाची माहिती आळीत दुसऱ्या कुणाला होती? मी तिला रोज सांगायची, "कॅलेंडरातले आबा खरोखरचे येणार आहेत." ती पण आळीभर सांगत सुटली.

फाट्यावर गाडी थांबली आणि हे चालत आले. डोक्यावर काळी ट्रंक, काखेत बिस्तरा. सासूबाईंनी भाकरतुकडा ओवाळून टाकला. उन्हानं रापलेला, वाळलेला माणूस, मिशी म्हणाल तर ओठाएवढी, कातरून नीट बसवलेली. लेक उंबऱ्यावर उभी होती. तिनं त्यांना खालून वर पाहिलं. मिशीपाशी येऊन नजर थांबली. पोपट नव्हता, मोरही नव्हता. ती वळली आणि आजीकडं जाऊन म्हणाली, "आज्जे, कोन तर पावनं आल्यात. च्या ठेव."

सगळी आळी हसली. हे पण हसले, पण ते हसू त्यांच्या तोंडावर फार टिकलं नाही.

"अगं, आबा हैत तुजं!" सासूबाई म्हणाल्या.

"न्हाई," पोरीनं निक्षून सांगितलं, आणि ह्यांचं बोट धरून, पाहुण्याला घर दाखवावं तसं, त्यांना कॅलेंडरपाशी नेलं. "आमचं आबा ह्ये."

ह्यांनी एकेक पान उलटलं. मी चुलीपाशी उभी राहून बघत होते. चपातीपाशी थांबले, अस्वलापाशी कपाळाला आठी पडली, आणि शेळीपाशी माझ्याकडं वळले.

"सरकारी टोपी शेळीनं खाल्ली?"

"अहो, गंमत आहे ती."

"गंमत? टोपी हारवली तर सायबाम्होरं उबं ऱ्हावं लागतंय, ठावं हाय? आन् शेळी परेडला? तिला परेडला घ्यायला काय सुभेदार बसलाय का?"

"मग त्या सुभेदाराला सांगा, शेळीला रजा द्या म्हणून!"

झालं. आल्या दिवशीच आमचं वाजलं. दुसऱ्या दिवशी हे पाराकडं गेले तर पेन्शनीतले म्हातारे फौजी बसलेले. त्यांतल्या एकानं विचारलं, "काय रं गड्या, पोपाट कुटं ठिवलास?" दुसऱ्यानं जांभई दाबली. आळीतून येताना पोरांनी मागनं 'लेफ्ट, राइट, बें' केलं. घरी आले ते तणतणतच. "मला समद्या गावात सोंग केलंस तू. पयलं त्ये खाली उतरीव."

"मी नाही उतरवत. तुम्हीच उतरवा. पण लेकीला काय सांगायचं ते तुम्हीच सांगा."

त्यांनी खिळ्याकडं हात नेला. कुठून कोण जाणे, पोरगी धावत आली, दोन्ही हातांनी कॅलेंडरला मिठी मारून भिंतीला चिकटली आणि बापाच्या तोंडाकडं बघून किंचाळली, "माज्या आबाला हात लावू नगा!"

त्यांचा हात तसाच वर राहिला. मग खाली आला. ते बाहेर जाऊन पायरीवर बसले. मी मारे जिंकले होते, पण मला चहाचा घोट गोड लागेना.

संध्याकाळी गोठ्यात धार काढायला गेले तर तिथं म्हशीच्या पाठीवर हात टाकून उभे. माझ्याकडं न बघता म्हणाले, "तितं समदी आपापल्या पोरांचं सांगत्यात. माजा ह्यो आसा, माजी ती तशी. मी काय सांगायचो? पाळन्यात हुती, मूठ लय घट्ट धरायची, येवडंच. म्हनलं, रजंवर गेलो की बगीन, मंग सांगीन. आता जाऊन काय सांगू? पावना म्हनली म्हनून?"

इतकी वर्षं ज्यानं सरहद्दीवर बर्फात काढली, त्या माणसाचा आवाज असा बारीक होऊन यावा, हे मला सहन झालं नाही. तरीपण एक सांगते, मी ते कॅलेंडर केलं हे बरोबरच केलं, आणि आजही कुणी विचारलं तर हेच सांगीन. माझं एवढंच झालं, की चित्रातला बाप जरा जास्त चांगला उतरला.

मग ह्यांनी प्रयत्न सुरू केले. बिस्किटाचा पुडा आणला. पोरीनं पुडा घेतला आणि पाहुण्यांचे आभार मानावेत तशी मान हलवून निघून गेली. बाहुली आणली, ती तिनं आजीच्या ताब्यात दिली. एक दिवस तर हा माणूस माझ्या हातातून लाटणं काढून घेऊन परातीपाशी बसला. चपाती लाटत लाटत पोळपाटाच्या बाहेर नेली, जमिनीवर नेली, सरकत सरकत पार उंबऱ्यापर्यंत आला. गुडघे पिठानं पांढरे. सासूबाई 'आरं आरं' करत मागनं. लेकीनं सगळं शांतपणे पाहिलं आणि म्हणाली, "आमचं आबा पुलावर जात्यात." आणि खेळायला गेली.

रजा सरत चालली होती. त्यातच सांगलीला माहेरी दोन दिवस जाऊन यायचं ठरलं. निघताना कॅलेंडर पिशवीत घालायला गेले तर हे म्हणाले, "त्ये ऱ्हाऊं दे हितंच. दोन दीस तर मला माज्या लेकीसंगं एकलं ऱ्हाऊं दे." ह्या बोलण्यात राग नव्हता, म्हणून मी ऐकलं.

सांगलीत पहिल्याच दुपारी पंगत बसली. जावई आले म्हणून आईनं पुरणपोळी केली होती. लेकीनं तोंड मिटून घेतलं. कॅलेंडर नाही तर घास नाही. माझ्या आईनं चुचकारलं, वडिलांनी खांद्यावर घेऊन अंगण दाखवलं, शेजारणीनं मांजर आणून दाखवलं. पोर हूं की चूं करेना. सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. मी काढली असती दोन चित्रं चटकन. पण डोकं तापलेलं. "मी हात लावणार नाही," मी ह्यांना सगळ्यांदेखत म्हटलं. "कॅलेंडर तुम्ही ठेवायला लावलंत. आता निस्तरा तुम्हीच."

आई मला डोळ्यांनी दटावत होती. जावयाला असं बोलतात? पण हे उठले. कोपऱ्यात वडिलांचं सामान पडलेलं, पोत्यांवर मार्का मारायची काळी शाई आणि कुंचा. वडिलांकडून एक जुनं कॅलेंडर मागून घेतलं, पालथं घातलं, जमिनीवर मांडी घालून बसले आणि कुंचा शाईत बुडवला. आयुष्यात ह्या माणसानं कधी चित्र काढलं नव्हतं. त्यांना काढता यायचा तो फौजेत शिकवलेला नकाशा, तोच त्यांनी काढला. आधी कोपऱ्यात उत्तर दिशेचा बाण. मग एक टेकडी, मग ओढा, ओढ्याकाठी तीन दगडांची चूल, आणि टेकडीवरून खाली येणारं एक माणूस, चार रेघांचं, हातात लाटणं.

लेक लांबून बघत होती. एक पाऊल पुढं आली. "ह्यो बान कशाला?"

"आई कुटल्या बाजूनं चालून येती त्ये कळाय नगं?" हे मान वर न करता म्हणाले.

माझे वडील फस्सकन हसले. हे आपले गंभीरपणे खाली अक्षरं काढत बसलेले. लिहून झाल्यावर घसा खाकरून, हजेरी पुकारावी तसं त्यांनी वाचलं,

आई चिडली, चूल पळाली,
चुलीच्या मागनं भाकर पळाली,
भाकरीमागनं मांजर पळालं,
आबा बी पळालं.

चौथी ओळ अर्ध्यातच बसलेली. ना तिला ठेका, ना काही. मी तोंड उघडून तसं सांगणारच होते, "अहो, ही काय ओळ झाली का?" पण माझे डोळे बहुतेक मोठे झाले असावेत, कारण लेकीनं चित्राकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, आणि असली हसली, असली हसली, की पुरणपोळी भरवायला बसलेल्या माझ्या आईनं त्या उघड्या तोंडात घास सारून घेतला. तो हसण्यानं बाहेर आला, ते सोडा.

मग ती जाऊन त्यांच्या मांडीला टेकून उभी राहिली. "आईचं डोळं आसं न्हाईत. ह्येच्याहून मोटं हुत्यात."

"येवडं?"

"आनिक मोटं."

"आता कागुद संपंल की गं."

"संपू दे."

दोन डोकी कागदावर वाकलेली. माझे डोळे टेकडीपेक्षा मोठे झाले, केस ओढ्यापार गेले, लाटण्याला दात आले. माझी अशी दैना चाललेली आणि माझंच माहेर खो खो हसत होतं. मला राग यायचा तो आला, पण सोबत हसूही आलं, त्यामुळं रागाचा काही उपयोग झाला नाही. डोळे करून झाल्यावर लेकीनं ह्यांच्या मांडीवर बैठक मारली, त्यांचा कुंचा धरलेला हात आपल्या हातात घेतला आणि म्हणाली, "आबा, आता आज्जीचं काडा."

आपण त्यांना काय म्हणून हाक मारली, हे तिला जाणवलंच नाही. ती आजीची शेळी कुठं काढायची ते दाखवत होती. पण ह्यांचा हात थांबला. कुंच्यातून शाई ठिबकत राहिली, नेमकी माझ्या तोंडावर. मी वाटी उचलून स्वयंपाकघरात गेले. मला तिथं काहीही काम नव्हतं.

गावी परत आलो तेव्हा सासूबाईंनी पोरीला विचारलं, "पावनं कवा जानार हैत?" ती बापाच्या खांद्यावर बसलेली, तिला प्रश्नच कळला नाही. राहिलेले दिवस दोघं ओढ्यावर, रानात, पारावर. पारावरच्या म्हाताऱ्यांना आता ही स्वतःच बापाच्या मिशीवर बोट ठेवून 'हलू नगा' म्हणून सांगायची आणि हे खरोखर हलायचे नाहीत. एका म्हाताऱ्यानं त्यांना सलामसुद्धा ठोकला. रात्रंदिवस दोघांचं काहीतरी खुसुखुसू चालायचं, आणि त्यात बहुतेक मीच असायची.

रजा संपली. साताऱ्याच्या स्टँडवर पुण्याच्या गाडीला त्यांना पोचवायला मी आणि लेक गेलो. ट्रंक टपावर गेली. कंडक्टरनं घाई केली. हे लेकीला माझ्याकडं द्यायला लागले तर तिनं त्यांच्या शर्टाची कॉलर दोन्ही मुठींत धरलेली. एक मूठ सोडवली की दुसरी घट्ट. "मी बी येनार! आबा, मी बी!" तिनं जो टाहो फोडला, तो ऐकून सबंध स्टँड वळून बघायला लागला. कंडक्टरसुद्धा घंटीची दोरी धरून थांबला. शेवटी मी ओढून घेतली, तर ती माझ्या कडेवर लाथा झाडायला लागली.

गाडी हलली. खिडकीतून ह्यांचं डोकं बाहेर आलं. मला वाटलं, आता ह्यांचाही बांध फुटणार. फुटलेलाच होता, गालांवरून धारा चाललेल्या. पण तोंड इकडच्या कानापासून तिकडच्या कानापर्यंत हसत होतं, आणि सगळ्या गाडीला, सगळ्या स्टँडाला ऐकू जाईल असं ते मला ओरडून सांगत होते, "अगं, बग की! माज्यासाटी रडती! माज्यासाटी!"

शेजारी उभी असलेली एक बाई मला म्हणाली, "काय बाई तरी, लेकरू रडतंय आन् ह्यो हासतोय. पोरीला गप तर करा." मी पोरीला गप केलं नाही. म्हटलं, रड बाई, मोठ्यानं रड, गाडी वळणाआड जाईपर्यंत त्यांना ऐकू गेलं पाहिजे.